केअर होममधली कंट्री दुपार: टोपीआधी जन्मसाल विचारा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही मूळच्या सांगलीच्या, वर्षभरापासून इंग्लंडमधल्या एका केअर होममध्ये, म्हणजे वृद्धांच्या निवासात, ॲक्टिव्हिटी कोऑर्डिनेटर. मॅनेजरबाईंना 'कंट्री आफ्टरनून', म्हणजे अमेरिकन कंट्री गाण्यांची दुपार, हवी होती. तुम्ही गायक ठरवला, गवताच्या पेंढ्या आणल्या, काउबॉय टोप्या नि चौकड्यांचे रुमाल वाटले, शेजारपाजारच्यांना बोलावलं. झालं काय, तर निम्मे रेसिडेंट झोपले, एक बाई रडायला लागल्या, एक आजोबा तिसऱ्या गाण्याला उठून खोलीत निघून गेले. आणि शेजारी मात्र टाळ्या वाजवून, केक खाऊन खुशीत घरी गेले. आता पुन्हा कार्यक्रम करायचाय. तुम्ही विचारताय की चूक गायकाची की तुमची, पुढच्याला काय सांगायचं, पैसे किती द्यायचे, आणि हे संगीत आपल्याला कळतच नाही तर निवडायचं कसं.

आधी माझी ओळख, म्हणजे सल्ला कुठल्या तोंडून येतोय ते कळेल. मी वसईचा. गिटार चर्चच्या क्वायरमध्ये शिकलो. आमच्याकडे नाताळात अमेरिकन कंट्री गायक जिम रीव्ह्जची रेकॉर्ड लागल्याशिवाय करंज्यांची कढई चुलीवर चढायची नाही. बावीस वर्षं मिडलंड्समध्ये आहे. पोटापाण्याची नोकरी वेगळी, पण गेली अकरा वर्षं आठवड्यातून दोन दुपारी केअर होममध्ये आणि महिन्यातून एक-दोन शनिवारी कुठल्यातरी गावच्या हॉलमध्ये कंट्री गातो. जोडीदार निवृत्त बस ड्रायव्हर, तो लॅप स्टील, म्हणजे मांडीवर आडवी ठेवायची गिटार, वाजवतो. आमच्याही अशा दुपारी झाल्या आहेत, त्यामुळे तुमच्यावर हसत नाहीये.

माझ्या मते चूक गाण्यांची कमी आणि मांडणीची जास्त. तुम्ही एकाच दुपारी दोन वेगळे श्रोते एकत्र बसवलेत. शेजारी कार्यक्रमाला आले होते. रेसिडेंट कुठेच आले नव्हते, ते आपल्या दिवाणखान्यात बसलेले होते. तुमच्या-माझ्या घरी दुपारी दोन वाजता एक अनोळखी माणूस टोपी घालून आला, स्पीकर मांडला आणि मोठ्याने गाऊ लागला, तर आपणही एक तर डोळे मिटू किंवा आतल्या खोलीत जाऊ. त्या गायकाने पैसे खर्चून आलेल्यांसाठी करतात तसा कार्यक्रम केला, आणि तो शेजाऱ्यांना आवडलाही. तो वाईट नसावा. त्याला कोणी सांगितलंच नाही की तो कोणासाठी गातोय.

पुढे जे लिहितोय त्यातलं बरंच तुमच्या होमवर अवलंबून आहे. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) किती जणांना आहे आणि कुठल्या टप्प्यावर, ऐकू किती जणांना येतं, लाउंज केवढं आहे, तुम्ही देशाच्या कुठल्या भागात आहात. ते मला इथून दिसत नाही.

आता निवडीबद्दल. संगीत कळत नसलं तरी चालेल, तुम्हाला वजाबाकी येते. माणसाला आयुष्यभर चिकटून राहतात ती साधारण दहा ते तीस या वयात ऐकलेली गाणी. तुमच्याकडे ८५ वर्षांच्या बाई आहेत, म्हणजे जन्म १९४० च्या आसपासचा. १९५५ मध्ये त्या १५ वर्षांच्या होत्या, आणि त्या वर्षी स्लिम व्हिटमन हा अमेरिकन कंट्री गायक ब्रिटनमध्ये सलग ११ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. जिम रीव्ह्ज १९६४ मध्ये विमान अपघातात गेला, आणि १९६६ मध्ये, मेल्यानंतर दोन वर्षांनी, त्याचं गाणं इथे पहिल्या क्रमांकावर गेलं. तेव्हा या बाई २६ वर्षांच्या, बहुतेक कडेवर मूल. ज्या रेसिडेंटचा जन्म १९५० चा, त्यांचं कंट्री वेगळं: १९७५ मधली टॅमी वायनेट, १९७७ मधला केनी रॉजर्स, ईस्टरच्या सुट्टीत वेम्बलीला भरणारा तो मोठा कंट्री महोत्सव, जो १९६९ मध्ये सुरू झाला. आणि तुम्ही ज्या टोप्या नि पेंढ्या आणल्यात ते वातावरण त्यातल्या कित्येकांनी फक्त टीव्हीवर पाहिलेलं. त्यांचं कंट्री स्वयंपाकघरातल्या रेडिओतून आलेलं आहे, इस्त्री करताना ऐकलेलं.

वयाखालोखाल गाव महत्त्वाचं. लिव्हरपूलच्या बाजूला असाल तर तिथे कंट्री जहाजांवरून आलं. खलाशी अमेरिकेतून रेकॉर्डी आणायचे, त्या शहराला उत्तरेचं नॅशव्हिल म्हणतात ते उगाच नाही. आयरिश रेसिडेंट असतील तर त्यांना अमेरिकन गाण्यांपेक्षा आयर्लंडमध्ये रुजलेलं, वॉल्ट्झच्या ठेक्यावरचं कंट्री लागतं. फिलोमिना बेगली, डॅनिएल ओ'डॉनेल ही नावं घेऊन बघा, चेहरे बदलतील. कॅरिबियनमधून आलेल्या आजी-आजोबांना गोऱ्या अमेरिकन गायकाचं काय, असं वाटून कित्येक होममध्ये त्यांच्यासाठी फक्त रेगे लावतात. जमैकात रविवार सकाळ जिम रीव्ह्जशिवाय उजाडत नसे, हे त्यांच्या मुलांना विचारा.

आणि आपली माणसं. स्विंडनच्या बाजूला गोव्याची बरीच वस्ती आहे. तिथल्या एका होममध्ये एक आंटी होत्या, इंग्रजी विसरून पूर्ण कोंकणीत परतलेल्या. स्टाफला वाटायचं त्या बोलतच नाहीत. मी रीव्ह्जचं एक नाताळचं गाणं धरलं, आणि त्यांनी दुसऱ्या ओळीपासून खालचा आवाज घेतला, चर्चमध्ये घेतात तसा, एकही सूर न चुकता. गाणं संपल्यावर मला म्हणाल्या, "तूं खंयचो?" म्हटलं, वसईचो. "मागीर बरें" (मग बरं), म्हणाल्या आणि चहाकडे वळल्या. पुढच्या महिन्यात गेलो तर ओळखलं नाही आणि गायल्याही नाहीत. हेही सांगून ठेवतो, कारण एकदा असं घडलं की मॅनेजर लोकांना दर वेळी तेच हवं असतं.

हे होतं कसं, याचं सगळ्यात उघड उदाहरण कंट्रीतच आहे. ग्लेन कॅम्पबेल या अमेरिकन कंट्री गायकाने २०११ मध्ये अल्झायमर झाल्याचं जाहीर केलं आणि तरीही निरोपाचा दौरा काढला. शब्दांसाठी समोर पडदा लागायचा, पण गिटारवर बोटं चालायची. शब्द, नावं, तारखा हा एक कप्पा; हाताला, घशाला, पायाला लागलेली सवय हा दुसरा. दुसरा कप्पा बराच काळ टिकतो. म्हणून मी गाणी निवडताना ध्रुवपद आणि ठेका बघतो, कथा बघत नाही.

इथे कंट्री गाणाऱ्यांची एक गोची आहे. कंट्रीची सगळी मातब्बरी गोष्ट सांगण्यात. पाच कडवी, शेवटच्या कडव्यात कलाटणी. गावच्या हॉलमध्ये त्या कलाटणीला लोक श्वास रोखतात. डिमेन्शियाच्या मजल्यावर दुसऱ्या कडव्याला पहिलं निसटलेलं असतं, आणि न कळणारी गोष्ट ऐकत बसणं म्हणजे शिक्षा. मला हे कळायला दोन वर्षं गेली. आता मी ध्रुवपदाने सुरू करतो, मग एक कडवं, पुन्हा ध्रुवपद, मग नुसतं वाद्यावर तेच, म्हणजे गुणगुणायला जागा राहते, आणि पुन्हा ध्रुवपद. तुमच्या गायकाला विचारा, एखादं गाणं असं मोडून गाशील का? तो दुखावला तर दुसरा शोधा.

आता रडणाऱ्या बाई. रडणं म्हणजे कार्यक्रम फसला असं नाही. डोळ्यांत पाणी येऊन, शेजारी बसलेल्याचा हात धरून माणूस गाणं ऐकत राहिला तर त्याला तसंच राहू द्या, टिश्यू घेऊन धावू नका. पण रडणं वाढत गेलं, हात चोळणं, इकडेतिकडे बघणं सुरू झालं, तर गाणं बदलायला हवं. त्यासाठी गायकाशी आधीच खूण ठरवा. आमची खूण साधी आहे: कोऑर्डिनेटर माझ्या पाण्याच्या ग्लासाला हात लावते, मी ते ध्रुवपद संपवून ठेक्याचं गाणं धरतो. कोणाला काही कळत नाही.

काही गाणी मात्र आधीच बाजूला ठेवायची. कंट्रीत आईच्या मरणाची, तुरुंगाची, दारूने उद्ध्वस्त झालेल्या घराची गाणी पोत्याने आहेत. पण मला सगळ्यात महागात पडलं ते एक निरुपद्रवी गाणं. जॉन डेन्व्हरचं १९७१ चं ते रस्त्याला विनवणारं गाणं, 'मला घरी ने' म्हणणारं, जे लहान पोरंही गातात. एका होममध्ये मी ते शेवटी घेतलं, कारण हॉलमध्ये ते शेवटी घेतात. खोलीभर लोक गायला लागले, मी खूश. दुसऱ्या ध्रुवपदाला खिडकीजवळच्या एक बाई उठल्या. पर्स उघडून आत बघितलं, बंद केली, कार्डिगनची बटणं एकेक करून लावली, वरचं बटण चुकलं म्हणून पुन्हा सगळी काढून लावली, आणि दाराशी जाऊन कुलपाच्या कीपॅडजवळ उभ्या राहिल्या. केअररने विचारलं, कुठे निघालात? म्हणाल्या, "घरी. आत्ताच सांगितलं ना त्यांनी." मी गात होतो तो 'त्यांनी' मी. त्यांना शांत करायला संध्याकाळचे सात वाजले, असं नंतर कळलं. मी तोवर घरी पोचलो होतो.

तेव्हापासून मी दाराला कीपॅड असलेल्या मजल्यावर ते गाणं घेत नाही. निवासी भागात, जिथे माणसं स्वतः येतात-जातात, तिथे घेतो. तुमच्या बाई कुठल्या गाण्याला रडल्या ते आठवतंय का? त्यांच्या फाइलमध्ये गाण्याचं नाव, वेळ आणि पुढे काय झालं ते लिहून ठेवा. असं वर्षभर लिहिलंत तर कुठल्याही गायकापेक्षा तुम्हाला जास्त कळेल.

झोपलेल्यांचं फार मनावर घेऊ नका. चेहऱ्याकडे बघण्याऐवजी पायांकडे बघा. डोळे मिटलेले आणि स्लिपरचा अंगठा ठेक्यावर, असे श्रोते मी नेहमी बघतो. अंगठाही हलत नसेल तर वेळ चुकली असेल. जेवण उरकल्यावर लगेच सुस्ती असते, आणि चार वाजून गेले की डिमेन्शिया असलेल्यांची घालमेल वाढायला लागते, हिवाळ्यात तर अंधार पडायला लागताच. मला सव्वादोन ते तीन ही वेळ मानवते, किंवा सकाळी साडेदहा. पंचेचाळीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. टी-ट्रॉली तीनला येते म्हणजे तीनलाच येऊ दे, हळुवार गाण्याच्या मध्यात पन्नास कपबशा खणखणल्या की सगळं मुसळ केरात. औषधांची फेरी त्या वेळेत नाही ना, हे नर्सला विचारून घ्या.

बसण्याची रचना अर्धगोल हवी. व्हीलचेअर मागे ढकलू नका, पुढेही रांगेने लावू नका, मधेमधे ठेवा. गायकाची पाठ खिडकीकडे नको, चेहरा काळा दिसतो आणि कमी ऐकू येणारे ओठ वाचतात. टोपीचंही तेच. मी घालतो, पण पहिल्या गाण्यानंतर काढून एखाद्या आजोबांना देतो. टोपीच्या सावलीत डोळे गेले की त्यांना माणूस दिसत नाही, नुसता आकार दिसतो. पेंढ्या तर नकोतच, गवताच्या धुळीने कोणाचातरी दमा उठेल.

आवाजाबद्दल बहुतेक गायक चुकतात. 'म्हाताऱ्यांना कमी ऐकू येतं' म्हणून मोठ्याने लावतात. उतारवयात कान वरचे सूर आणि व्यंजनं गमावतो, पण मोठा आवाज तितकाच, किंवा जास्तच टोचतो. श्रवणयंत्र असेल तर विचारूच नका. त्यामुळे आवाज बेताचा, शब्द स्वच्छ, प्रतिध्वनी शून्य. बॅकिंग ट्रॅकवरचे ड्रम आणि बेस शब्द गिळतात. जमलं तर ट्रॅकशिवाय गाणारा माणूस घ्या. लाउंजमध्ये इंडक्शन लूप (श्रवणयंत्रात थेट आवाज पोचवणारी सोय) असेल तर तो चालू आहे का ते आदल्या दिवशी तपासा, बऱ्याच ठिकाणी तो फक्त भिंतीवरच्या चित्रात असतो. जिम रीव्ह्ज माइकला ओठ लावून, खालच्या आवाजात, जणू फोनवर बोलल्यासारखा गायचा. केअर होमसाठी ती पद्धत नेमकी बसते.

आणि पट्टी खाली. रेकॉर्डवर जे पांढरी पाचमध्ये आहे ते मी बऱ्याचदा पांढरी दोनवर आणतो. ऐंशीच्या पुढे बायकांचेही आवाज उतरलेले असतात. गायक मूळ पट्टीत झळकत राहिला तर लोक ऐकतात, पण तोंड उघडत नाहीत. गाणं त्याच्या गळ्याला थोडं गैरसोयीचं झालं तरच ते खोलीला सोयीचं होतं.

शेजाऱ्यांचं काय करायचं? बोलवा, जरूर बोलवा, पण पाठीमागच्या खुर्च्यांवर प्रेक्षक म्हणून बसवू नका. आठ-दहा जणच, प्रत्येकाला एका रेसिडेंटच्या शेजारची खुर्ची. शाळेतली मुलं असतील तर उत्तम, त्यांना हाताने ठेका धरायला लावा, लाइन डान्सच्या पावलांची बसून करायची आवृत्ती दहा मिनिटांत शिकता येते: टाच, चवडा, टाच, टाळी. ज्यांना खरोखर संध्याकाळ हवी आहे, नाचायला जागा, बिअर, मध्यंतरात रॅफल आणि दोन तासांचा कार्यक्रम, त्यांच्यासाठी वेगळ्या दिवशी गावचा हॉल घ्या. तिथे लांबलचक कथा चालतात, तुरुंग चालतो, डेन्व्हर शेवटी चालतो. धडधाकट रेसिडेंटना तिकडे मिनीबसने न्या. माझ्या अनुभवात रेसिडेंटना बाहेर नेणं हे बाहेरच्यांना आत आणण्यापेक्षा जास्त लक्षात राहतं, फक्त स्टाफ जास्त लागतो आणि मॅनेजरला तेच नको असतं.

पैशांचं थोडक्यात. भागानुसार दर बदलतो. मी एकटा पंचेचाळीस मिनिटांचे ८५ पौंड घेतो, आम्ही दोघे असलो तर १३०, हॉलचा दर वेगळा. फुकट गाणारे भेटतात आणि त्यातले काही फार चांगले असतात, पण फुकट गाणाऱ्याला 'हे गाणं नको' म्हणणं जड जातं. गायक कोणीही असो, त्याच्याकडे पब्लिक लायबिलिटी विमा (त्याच्यामुळे कोणाला इजा झाली तर भरपाई देणारा) आहे का विचारा, म्युझिशियन्स युनियन या कलाकारांच्या संघटनेच्या सदस्यत्वात तो मिळतो. स्पीकरच्या वायरींचं पॅट टेस्टिंग (विजेच्या उपकरणांची सुरक्षा तपासणी) आणि गायकाचं डीबीएस (गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी) तुमच्या होमच्या नियमाप्रमाणे. तिकीट लावणार असाल तर संगीताच्या परवान्याचं मॅनेजरला आधी विचारा. चांगल्या संस्थाही आहेत: व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन आणि इयन स्टुट्झकर यांनी १९७७ मध्ये सुरू केलेली लाइव्ह म्युझिक नाऊ वादकांना केअर होममध्ये वाजवण्याचं प्रशिक्षण देते. त्यांच्याकडे काउबॉय कमी, सेलोवाले जास्त, पण कसं बसावं, कसं थांबावं ते त्यांच्याकडून शिकण्यासारखं.

गायक ठरवताना त्याला फोनवर एकच विचारा: "लाउंजमधलं झाल्यावर दोन खोल्यांमध्ये जाशील का, स्पीकर न घेता?" जे अंथरुणाला खिळलेले आहेत त्यांच्यापर्यंत कुठलीच दुपार पोचत नाही. मी शेवटची पंधरा मिनिटं त्यासाठी राखतो. केअरर सोबत असते, दार उघडं, मी पलंगाच्या पायथ्याशी नाही तर उशीच्या बाजूला, खुर्चीत, डोळ्यांच्या पातळीवर. बोटांनी हळूच तारा छेडायच्या, प्लेक्ट्रम नाही. एक गाणं, मग गप्प. बऱ्याचदा त्या गप्प असण्यात ते काहीतरी बोलतात. दुसरं गाणं त्यांनी मागितलं तर.

आणि तुमचे ते तिसऱ्या गाण्याला उठून गेलेले आजोबा. त्यांना कंट्री आवडत नाही असं फाइलमध्ये लिहिलं असेल तर ते तूर्त खोडा. त्यांच्या मुलीला फोन करा. विचारा, घरी रेकॉर्ड प्लेअर कोण लावायचं, आणि तिसरं गाणं जे होतं ते कोणाच्या आवडीचं होतं. मग पुढच्या वेळी गायकाला त्यांच्या दारावर टकटक करायला सांगा, आणि आत यायचं की नाही ते आजोबांना ठरवू द्या.